सोळा पायऱ्या

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. अग्निशमन केंद्राच्या वरच्या हॉलमध्ये
भिंतीवर चादर ताणलेली, कोपऱ्यात इस्त्रीचा डाग.
या वर्षी आम्ही नऊ जण. गेल्या वर्षी तेरा होतो.
झोफिया हुडाकने बटाट्याचे पिरोगी आणलेत, वर परतलेला कांदा.
एमलिन प्रॉसरने नेहमीसारखं काहीच नाही, फक्त टोपी.
टोपी नेड हार्किनसारखी, डाव्या भुवईवर एक बोट खाली.
दोन बोटं खाली म्हणजे पोलीस, असं एमलिन सांगतो.
ते एक बोट मोजायला तो आरशासमोर किती वर्षं उभा होता
हे त्याची बायको सांगायची. होती तेव्हा.

नेड पडद्यावर एकवीस वेळा मेला.
मोजदाद माझ्या वडिलांची;
थिएटरच्या मशीनखोलीत पेन्सिलीच्या रेघा होत्या भिंतीवर.
गटारात मेला, न्हाव्याच्या खुर्चीत मेला,
एकदा तर बेकरीच्या दारात, तोंडातला घास गिळायचा राहून.
इथे प्रत्येकाचं एकेक मरण ठरलेलं आहे,
जेवायला बसायची जागा ठरलेली असते तसं.
खुर्चीतलं कार्मेलो बुस्काचं. तो स्वतः न्हावी,
आणि त्या प्रसंगात साबण उलट्या हाताने लावलाय
हे त्याला पन्नास वर्षं खुपतंय.

कुणी नवखा म्हणतो, गुंड होता तो, दुसरं काय.
झोफिया काटा खाली ठेवते.
आणि तो बहिरा घड्याळजी?
घड्याळ दाताला लावून टिकटिक ऐकणारा?
आणि नाचला तो, शिवण उसवलेल्या बुटात?
हात तेच होते, बाबा. पिस्तूलवालेच.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही.
नेड तेही आणायचा.
रिकाम्या खिशात हात घालून असा उभा राहायचा
की खिशाला वजन यायचं.
महिन्यातले नऊ दिवस खाण चालू, बाकी भोंगा गप्प,
तेव्हा आमच्या माणसांनी ते उभं राहणं घरी नेलं.
कंपनीच्या दुकानात, उधारीच्या वहीसमोर
अख्खं गाव खिशात हात घालून उभं.

झोफियाचा नवरा हात उचलायचा.
पण हार्किनचा खेळ बघून आला की त्या रात्री गप्प,
कोट खुंटीला नीट टांगायचा.
त्याच्या वाटचं कुणीतरी मारून घेतलेलं असायचं, ती म्हणते,
आणि त्याच्या वाटचं मेलेलंही.
मग ती सगळ्यांना आणखी दोन दोन वाढते.
कुणी नको म्हणत नाही.

शेवटचं रीळ. बँकेबाहेरचा जिना, सोळा पायऱ्या,
वर नेड, पोटाशी धरलेला कोट.
चौथ्या पायरीवर मशीन अडकलं.
त्याच्या गुडघ्यापाशी तपकिरी फोड आला, पसरत गेला,
मी धावत दिवा बंद केला.
अंधारात जळक्या फितीचा वास. खाली बंबांपाशी कुणीतरी शिंकलं.
माझ्या बोटांना चिकटपट्टीचं टोक सापडेना.

तेव्हा एमलिन उठला.
वय ब्याऐंशी, एका फुप्फुसात निम्मी खाण.
दार उघडून हॉलच्या जिन्यावर जाऊन उभा राहिला.
आमच्या जिन्याला अकराच पायऱ्या.
आम्ही दारात गर्दी केली, कार्मेलोने बॅटरी धरली.
एमलिन उतरू लागला, घाई नाही,
जसं खाली कुणी उधारी मागायला थांबलंय आणि थांबू दे.
पाचवीवर कठडा सोडला. आठवीवर टोपी सारखी केली,
एक बोट.
नववीवर तो बसला, मग कलंडला, मग खरंच निपचित पडला,
इतका वेळ की झोफियाने त्याचं नाव घेतलं,
लग्नाआधी घ्यायची तसं, हळू.

एक डोळा उघडून त्याने विचारलं, बरं झालं का?

टाळ्या आम्ही खूप वाजवल्या.
त्याला उठवायला तिघं लागले.